पाणवठा क्रमांक दोन

४ फेब्रुवारी

आत्या,

तू हो म्हणालीस तेव्हा फोन ठेवून मी रडले, हे आता सांगायला हरकत नाही. मांडीच्या हाडात सळई घातली आहे. जूनपर्यंत त्या पायावर भार टाकायचा नाही. बाबा म्हणाले, "चार वर्षं लेंड्या वेचल्यास, एक उन्हाळा नाही वेचल्यास तर जनावरं रुसणार नाहीत." त्यांना काय सांगणार. हा उन्हाळा गेला तर आधीची चारही वर्षं गेली.

तिथे जंगलात फोन लागत नाही. जीप दर सोमवारी गावात जाते, तेव्हा नमुन्यांची पेटी आणि पत्रं नेते, आलेली आणते.

कामाचं सगळं वहीत आहे. तरी थोडक्यात. पाणवठे दोन, मध्ये सहा किलोमीटर. सिमेंटचे उथळ हौद, पंपाने भरतात. पहिला कायम भरलेला राहील. दुसरा, ज्याच्या शेजारी तुझी खोली आहे, तो मार्चमध्ये तीन आठवडे कोरडा ठेवायचा आणि मग पुन्हा भरायचा. दोन्हीकडे रोज सकाळी ताज्या लेंड्या उचलायच्या: पाण्यापासून दहा पावलांवर, पन्नास पावलांवर आणि दोनशे पावलांवर. बाटलीत घालून चिठ्ठी लावायची. लेंड्यांतली जंतांची अंडी मी इथे बसून मोजीन. बसण्याचंच काम उरलं आहे.

प्रश्न साधा आहे. उन्हाळ्यात सगळी जनावरं एकाच पाण्यावर येतात, तिथेच हगतात, तिथल्याच चार काड्या खातात. लेंडीतल्या अंड्यातून अळी निघते, गवतावर चढते आणि गवताबरोबर पुन्हा पोटात जाते. मग पाणवठा त्यांना जगवतो की जंत वाटतो? मधूनमधून बंद ठेवला तर जंत कमी होतील का? सरांच्या विभागातली जागा जुलैत भरणार आहेत. या प्रश्नाचं उत्तर हातात असेल तर ती मला मिळेल, असं सर म्हणतात.

स्वयंसेवक पंधरवड्याला बदलतात. हौशी असतात, सांभाळून घे. तू पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलास, हे तर दोन हौद.

ठकी

११ फेब्रुवारी

ठके,

पोचले. खोली दहा बाय बारा. एक खाट, एक टेबल, खिडकीला जाळी. जाळी फाटली होती, ती शिवली. तुझी वही दोनदा वाचली. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या मोर्च्याला निघाल्यासारखं.

सध्या तिघे आहेत. एक निवृत्त दातांचे डॉक्टर, त्यांना सगळे दातवालेच म्हणतात. आणि एक नवराबायको. ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे कामाला उत्तम. पहिल्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "लेंडी ताजी आहे हे ओळखायचं कसं?" मी म्हटलं, "बोटाने." तो बायकोकडे बघायला लागला. ती म्हणाली, "बघतोस काय, बोट तुझंच आहे." आतापर्यंतचं तेवढंच संभाषण.

पहिल्या पाणवठ्यावर जीपने जातो, नमुने घेऊन लगेच फिरतो. दुसऱ्यावर मला वेळ असतो. हौदाभोवती इतकी घाण होती की पाय कुठे ठेवावा कळेना. चार वर्षांत कुणी तिथे खराटा लावलेला नाही. आता मी रोज आधी नमुने घेते, चिठ्ठ्या लावते आणि मग हौदाच्या चारी बाजूंनी पन्नास पावलं झाडून काढते. दोन घमेली निघतात. मागे खड्डा केला आहे, त्यात टाकून माती लोटते. आता खिडकी उघडी ठेवून जेवता येतं. घाणीशेजारी राहायचं मला कधी जमलं नाही आणि या वयात शिकायची इच्छा नाही.

पाय उशीवर उंच ठेव. मोरीत एकटी जाऊ नकोस. तुझ्या बाबाला भिंतीला धरायची एक कडी ठोकून घ्यायला सांग. तो उद्या म्हणेल. उद्या म्हणाला की हातोडी त्याच्या हातात दे.

मागे तक्ता जोडला आहे.

आत्या

२० फेब्रुवारी

आत्या,

पेटी मिळाली. एक बाटली फुटली नाही, एक चिठ्ठी ओली नाही. सर म्हणाले, या बाईंना कायमच्या ठेवून घ्या.

पत्र मात्र केवढं लांब. तक्ता आधी काढून घेतला, बाकीचं निवांत वाचते. गोळ्यांनी गुंगी येते आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी पोहायला लागतात.

सुरुवातीचे आकडे दोन्हीकडे सारखे आहेत. दहा पावलांवर ग्रॅममागे हजाराच्या आसपास अंडी, दोनशे पावलांवर तीनशे. बरोबरीने सुरुवात झाली, हेच हवं होतं.

१ मार्चला दुसऱ्याचा पंप बंद कर आणि हौद रिकामा कर. २२ला पुन्हा चालू. मध्ये काहीही झालं तरी पाणी घालायचं नाही. मागच्या वर्षी एका स्वयंसेवकाने दया येऊन चार बादल्या ओतल्या आणि पूर्ण महिना फुकट गेला. तू तसं करणार नाहीस, म्हणून तर तुला पाठवलं.

ठकी

८ मार्च

ठके,

हौद कोरडा आहे.

पहिल्या संध्याकाळी जनावरं नेहमीसारखी आली. एक हरणी आत उतरली, तळ चाटला, बाहेर आली, पुन्हा उतरली. रानडुकरांनी कडेचा ओलावा उकरला. मी खिडकीत बसून होते. पंपाची किल्ली माझ्या कमरेला. ऑपरेशनच्या आधी पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायची मला सवय आहे. तो शिव्या देतो, हात धरतो, तुम्हाला आई नाही का म्हणतो. द्यायचं नाही.

दातवाल्यांनी मुक्काम वाढवला आहे. ते म्हणाले, "बाई, तुम्ही दगडाच्या आहात." मी म्हटलं, "दगड बरा. दया येऊन पेशंट मारत नाही."

पाचव्या दिवसापासून कळप इकडे यायचे थांबले. खुरांच्या खुणा पहिल्या पाणवठ्याच्या वाटेला लागल्या आहेत. सहा किलोमीटर. मार्चमध्ये जमतं त्यांना. सांबरं आणि दोनचार हरणं इथेच रेंगाळतात. त्यामुळे झाडायला आता अर्धं घमेलंच निघतं.

तू माझ्या पत्राला उत्तर देत नाहीस, तक्त्याला देतेस. चालेल. तक्ताही मीच लिहिते.

कडी ठोकली का?

आत्या

९ एप्रिल

आत्या,

कडी ठोकली. बाबांनीच ठोकली, तिरकी.

आता ऐक. पाणी पुन्हा सुरू केल्यानंतरचे नमुने मोजून झाले. पहिल्या पाणवठ्यावर दहा पावलांवर अकराशे. दुसऱ्यावर दोनशे तीस. मी तीनदा मोजले, मग सरांनी मोजले. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "झालं तुझं काम."

अहवाल वनखात्याकडे गेला. त्यांना पंप बंद करायला निमित्त हवंच होतं. आम्ही तीन आठवडे बंद ठेवा म्हटलं होतं, त्यांनी पूर्ण उन्हाळा केला. सर म्हणतात, तत्त्व तेच आहे. तेव्हा १५ एप्रिलपासून दुसरा बंद, पाऊस येईपर्यंत. त्यांचा गार्ड येऊन कुलूप लावील. तू दोन्हीकडचे नमुने घेत राहा.

चार वर्षं हे आकडे माझ्याकडे पाठ करून बसले होते. पहिल्यांदा तोंड फिरवलं.

ठकी

१४ एप्रिल

ठके,

हे पत्र पूर्ण वाच. बसून वाच.

तुझं पत्र मी दातवाल्यांना वाचून दाखवलं. ते खूष झाले. मग सकाळी मी झाडत असताना हौदाच्या कडेवर बसून बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, लेंड्या तुम्हीच उचलून पुरताय. मग गवतावर अळ्या चढणार कुठून?" ते थट्टाच करत होते. मी खराटा खाली ठेवला.

मी इथे आल्यापासून एक दिवस न चुकता दुसऱ्या पाणवठ्याभोवती पन्नास पावलं झाडते आहे. पहिल्याभोवती कधीच नाही. हे मी तुला पहिल्याच पत्रात कळवलं होतं. तू काही बोलली नाहीस, म्हणून चालत असेल असं धरलं. आता तूच सांग, दुसऱ्यावर अंडी कमी झाली ती हौद कोरडा ठेवल्याने, की मी झाडल्याने? मला सांगता येत नाही. मला वाटतं तुलाही येणार नाही.

वॉर्डमध्ये दोन औषधं एकदम चालू असताना पेशंट बरा झाला, तर कुठल्या औषधाने झाला हे आम्ही सांगत नसू.

चूक माझी आहे. वहीत नसलेलं एक काम मी माझ्या मनाने केलं. पस्तीस वर्षं सकाळी आधी फरशी आणि मग राउंड, हे अंगात भिनलं आहे. पण उद्या गार्ड कुलूप घेऊन येतो आहे. ते लागण्याआधी हे पत्र तुला मिळणार नाही. मिळालं की त्याच दिवशी खात्याला कळव.

आजपासून झाडणं बंद केलं आहे.

आत्या

२ मे

आत्या,

तुझं पत्र मिळून दहा दिवस झाले. लगेच लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळेना.

शक्यता आहे, एवढंच म्हणता येईल. झाडण्याने थोडा फरक पडला असेल. हौद बंद ठेवण्याने काहीच पडला नाही, असं त्यावरून सिद्ध होत नाही. आता तू झाडणं थांबवलं आहेस, तेव्हा जूनचे आकडे आले की आपोआप कळेल. घाईने काही कळवलं तर खातं पुन्हा कुठल्याच संशोधकाचं ऐकणार नाही. सरांच्या कानावर मी अजून घातलेलं नाही. मुलाखत जुलैत आहे.

तोपर्यंत कुणाला बोलू नकोस. दातवाल्यांनाही सांग. तुला खोटं बोलायला सांगत नाही, थोडं थांबायला सांगते आहे. माझ्यासाठी.

ठकी

११ मे

ठके,

थांबता येण्यासारखं नाही. आकडे देते, आकड्यांना तू उत्तर देतेस.

२० एप्रिल ते १० मे. दुसऱ्या पाणवठ्याच्या आसपास आणि पहिल्याकडे जाणाऱ्या वाटेवर मेलेली जनावरं: हरणं नऊ, त्यांत पाडसं सात. सांबर एक. डुकरांची पिल्लं चार. पाडसांना सहा किलोमीटर जाता येत नाही आणि आया त्यांना सोडून जात नाहीत. दुपारी कोरड्या हौदाच्या कडेला येऊन बसतात. तिथेच राहतात.

गार्ड येतो आणि नोंद करतो. मृत्यूचं कारण, जंतबाधा. मी विचारलं, कशावरून. म्हणाला, "मॅडम, तुमच्याच अहवालात आहे."

परवा एक पाडस सकाळी मेलं. दातवाल्यांना म्हटलं, धरा, पोट उघडायचं आहे. त्यांनी आयुष्यभर तोंडात काम केलं, त्यामुळे चेहरा पडला होता, पण धरलं. तू वहीत लिहिलं आहेस की जंत पोटाच्या चौथ्या कप्प्यात असतात. तो कप्पा मी पूर्ण उलटा करून पाण्यात धुतला. जंत नऊ. पुन्हा मोजले, नऊच. मारायला शेकडो लागतात, असं तुझीच वही म्हणते. पहिल्या कप्प्यात ओंजळभर माती होती. ओली जमीन समजून चाटली असेल. जंत बाटलीत घालून पाठवले आहेत. मातीही पाठवली आहे, वेगळ्या बाटलीत.

मला आमच्या मेट्रन आठवतात. मी शिकाऊ असताना चुकीच्या खाटेवरच्या माणसाला इंजेक्शन दिलं आणि रडायला लागले. त्या म्हणाल्या, "आधी डॉक्टरला सांग. रडायला ड्यूटी संपल्यावर वेळ आहे." तो माणूस वाचला.

मी पुढच्या सोमवारी लिहिणार नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी, २५ मेला, खात्याला माझ्या सहीने पत्र जाईल. तुला दोन आठवडे आहेत. ते तुझ्याकडून गेलं तर बरं. संशोधन तुझं आहे.

आत्या

२१ मे

आत्या,

बाटल्या मिळाल्या. त्या टेबलावर ठेवून मी सरांना फोन केला.

पत्र गेलं. त्याच्याबरोबर तुझी जनावरांची यादीही जोडली, त्यामुळे असेल, तिसऱ्या दिवशी आदेश निघाला. प्रत सोबत आहे. दुसरा पंप तातडीने सुरू करायचा आहे. गार्ड किल्ली आणून देईल.

आम्ही पाठवलेल्या पत्राचीही प्रत ठेवते आहे. तू मागशीलच. मुख्य मजकूर असा आहे: "एका अप्रशिक्षित स्वयंसेविकेने संशोधकांना न कळवता पाणवठा क्रमांक दोनच्या परिसरातील विष्ठा दररोज हटवल्याचे आता निदर्शनास आले आहे. त्यामुळे सदर पाणवठ्याचे निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. संबंधित व्यक्तीस कामावरून दूर करण्यात येत आहे."

मजकूर सरांनी सांगितला. संशोधकांना कळवलं होतं असं लिहिलं, तर मी काय करत होते हा प्रश्न येतो आणि आधीची चार वर्षंही संशयात जातात, असं त्यांचं म्हणणं. त्यात तुझं नाव नाही. मी सही केली.

तुझं फेब्रुवारीचं पत्र मी परवा काढून वाचलं. तिसऱ्या पानावर आहे. खराटा, घमेली, खड्डा, सगळं. मी तिसऱ्या पानापर्यंत गेलेच नव्हते.

३१ मेपर्यंत खोली रिकामी करावी लागेल. पुढचे स्वयंसेवक तेव्हा येतील. परत येताना इकडे उतरशील ना? बाबा विचारत होते. त्यांना यातलं काही माहीत नाही. डॉक्टरांनी थोडं आधीच परवानगी दिली, मी कालपासून काठी घेऊन चालते आहे.

ठकी

३० मे

ठके,

पंप मंगळवारी दुपारी सुरू झाला. हौद भरायला पाच तास लागले. त्या दिवशी कुणी आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दातवाले म्हणाले, "त्यांना आता खरं वाटणार नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी डुकरं आली. मग हरणं आली, पंधरा मोजली. फेब्रुवारीत याच कळपात चाळीस असायची. पाडस एकही नव्हतं. गार्डच्या वहीतल्या नोंदी मी दुरुस्त करायला सांगितल्या. त्याने जंतबाधा खोडून पाणीटंचाई लिहिलं आणि माझी सही घेतली.

तुमचं पत्र वाचलं. त्यातलं एक सोडून सगळं खरं आहे. कोणतं ते तुला माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. कुणी मला विचारणार नाही. विचारलं तर मी खोटं सांगणार नाही, पण मुद्दाम सांगायलाही जाणार नाही. पाणी सुटायला हवं होतं, ते सुटलं.

तरी एक लिहिते. वॉर्डमध्ये शिकाऊ मुलीच्या हातून काही झालं तर मी कितीतरी वेळा माझं नाव पुढे केलं. तिला अजून तीस वर्षं काढायची असायची, माझी सरत आली होती. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण ते मी देत असे. माझ्याकडून कुणी न विचारता घेतलं, असं हे पहिल्यांदाच झालं. तू मागितलं असतंस तर मी लगेच दिलं असतं, हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू मागितलं नाहीस, की मागायचं सुचलंच नाही, याचा मी चार दिवस विचार करते आहे.

नव्या लोकांसाठी वहीत दोन पानं वाढवली आहेत. बाटल्या धुऊन उलट्या ठेवल्या आहेत. किल्ल्या जीपवाल्याकडे. दातवाले थांबणार आहेत. ते म्हणतात, आता निदान एक माणूस तरी इथे असावा ज्याला पहिल्यापासून सगळं माहीत आहे.

मी तिकडे उतरत नाही. सरळ घरी जाते. तुझ्या बाबाला सांग, गाडीची वेळ जुळली नाही.

काठी तू दुखऱ्या पायाच्या बाजूला धरत असशील. सगळे तशीच धरतात. ती उलट्या हातात धरायची, चांगल्या पायाच्या बाजूला. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं. आठ दिवसांत सवय होते.

आत्या